एस्टीमला मोठी थ्रॉटल बॉडी बसवण्यापूर्वी आणि बसवताना

मारुती एस्टीमच्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत सुझुकीचे जी-13-बीबी हे 1298 सीसीचे, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचे इंजिन असते, आणि त्याची ताकद 6000 आरपीएमला 85 बीएचपी अशी सांगितली जात असे. त्याच घराण्यातले जी-16-बी हे 1590 सीसीचे इंजिन जुन्या बलेनो सेडानमध्ये होते. या दोन भावंडांच्या सिलिंडरचा व्यास जवळजवळ सारखा, म्हणजे 74 आणि 75 मिमी आहे. खरा फरक स्ट्रोकमध्ये, 75.5 आणि 90 मिमी असा आहे. या नात्यामुळे बलेनोची थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा फिरत्या चकतीने कमी-जास्त करणारा भाग) भंगारातून आणून एस्टीमला लावावी, हा विचार एस्टीम जपून ठेवलेल्या बहुतेक हौशी मालकांच्या मनात कधी ना कधी येतोच. ते काम एका दिवसात होते आणि खर्चही फार नसतो, परंतु त्याआधी अर्धा दिवस मोजमापासाठी द्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कारण मोजमाप केलेल्यांपैकी पुष्कळांना नवी बॉडी आणण्याची गरजच उरत नाही.

पुढील विवेचन एक्सलेटरच्या केबलने चालणाऱ्या थ्रॉटलपुरते आहे. पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल नसून केवळ वायर जात असेल, तर त्या गाडीत चकती किती उघडली म्हणजे किती हवा आत येईल याचे गणित ईसीएममध्ये (इंजिनाच्या संगणकात) पक्के भरलेले असते आणि व्यास बदलला की ते गणित चुकते. अशा गाडीला हात लावू नये. एस्टीमच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचाही येथे संबंध नाही. गाडीला मिक्सरवर चालणारे जुन्या पद्धतीचे सीएनजी किट बसवलेले असेल, तर तो मिक्सर हवेच्या वाटेतच बसलेला असतो आणि त्याचा गळा मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. त्या गळ्याच्या पुढे कितीही मोठी थ्रॉटल बॉडी लावली तरी इंजिनाला हवा मिळणार ती गळ्यातून जाईल तेवढीच.

आता गणित. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढली जाते, त्यामुळे 6000 आरपीएमला 1298 सीसीचे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त 3894 लिटर हवा ओढू शकते. सिलिंडर 85 टक्के भरतात असे धरले तर हा आकडा सुमारे 3310 लिटर, म्हणजे सेकंदाला 55 लिटर होतो. उदाहरणादाखल थ्रॉटलचा व्यास 46 मिमी आणि चकती ज्यावर फिरते त्या मधल्या शाफ्टची जाडी 8 मिमी धरू. वर्तुळाचे क्षेत्रफळ 16.6 चौरस सेमी येते, पण पूर्ण उघड्या स्थितीतही शाफ्ट त्यातले सुमारे 3.7 चौरस सेमी अडवतो, त्यामुळे हवेसाठी 12.9 चौरस सेमी उरतात. यातून हवा सेकंदाला सुमारे 43 मीटर वेगाने जाते आणि त्यासाठी साधारण 1 किलोपास्कल दाब खर्ची पडतो. हाच हिशेब 50 मिमी व्यासाला केला तर वेग 35 मीटरवर येतो आणि दाबाचा खर्च 0.7 किलोपास्कलच्या आसपास येतो. म्हणजे बचत झाली 0.3 किलोपास्कलची, आणि पुण्यात हवेचा दाबच सुमारे 95 किलोपास्कल असतो. 85 बीएचपीच्या इंजिनात ही बचत एक तृतीयांश बीएचपीपेक्षाही कमी भरते. इंजिन हवा एकसारखी न ओढता हिसक्याहिसक्याने ओढते, म्हणून प्रत्यक्षातला तोटा यापेक्षा जास्त असतो हे खरे. पण दुप्पट धरला तरी एक बीएचपी पुरा होत नाही.

मग बॉडी बदललेला प्रत्येक जण गाडी उडायला लागल्याचे का सांगतो? तो खोटे बोलत नसतो. 46 च्या जागी 50 मिमी आले की क्षेत्रफळ 18 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पेडल पूर्वीइतकेच दाबले तरी सुरुवातीला हवा जास्त शिरते. जी ओढ पूर्वी पाव पेडलला मिळत असे, ती आता त्याच्याही आधी मिळते आणि पाऊल त्याला ताकद समजते. पेडल पूर्ण दाबल्यावर दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच पळतात. ज्याला केवळ हीच चपळाई हवी आहे त्याने थ्रॉटल बॉडी न बदलता केबल ज्या चाकावर गुंडाळली जाते त्या चाकाचा आकार बदलून पाहावा. तो मार्ग स्वस्तही आहे आणि त्यात हवेच्या गळतीची भानगडही नाही.

आधी मोजावे

पेडल पूर्ण दाबलेले असताना मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती कमी राहतो, एवढेच शोधायचे आहे. तो जवळजवळ सारखाच असेल तर थ्रॉटल इंजिनाला अडवत नाही, आणि तेथेच विषय संपतो.

एस्टीमच्या इंजिनात इंधनाचा हिशेब मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवरून होतो, म्हणून हे मोजमाप गाडीत आधीच उपलब्ध आहे. आपण फक्त त्याच्या सिग्नलच्या वायरला मल्टिमीटर जोडायचा. वायरचे आवरण सोलू नये, कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवावी. कोणत्या वायरीवर सिग्नल येतो ते मॅन्युअलच्या आकृतीत पाहावे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली असता जो व्होल्टेज दिसतो, तो त्या दिवशीच्या त्या ठिकाणच्या हवेच्या दाबाचा असतो. मुंबईत हा दाब सुमारे 101 किलोपास्कल, पुण्यात 95 आणि महाबळेश्वरात 86 च्या आसपास असतो, म्हणून दुसऱ्या गावच्या कोणाच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही.

व्होल्टचे किलोपास्कल करण्यासाठी गॅरेजमधला साधा व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डच्या एखाद्या नळीत टी लावून जोडावा आणि इंजिन गरम असताना आयडलिंगवर (पेडल न दाबता इंजिन चालू ठेवून) दोन्ही आकडे टिपावेत. सेन्सरचा आलेख सरळ रेषेचा असतो, त्यामुळे हे दोन बिंदू पुरतात. समजा, चावी फिरवल्यावर 4.0 व्होल्ट आणि आयडलिंगला 18 इंच व्हॅक्यूमवर 1.5 व्होल्ट दिसले. पाऱ्याचा एक इंच म्हणजे 3.39 किलोपास्कल, म्हणजे 18 इंचांचे 61 किलोपास्कल झाले. त्यासाठी अडीच व्होल्टचा फरक पडला, तर प्रत्येक किलोपास्कलला साधारण 0.04 व्होल्ट येतात. गेजच्या काट्यावर एक किलोपास्कल डोळ्यांना नीट दिसतही नाही, मल्टिमीटरवर मात्र तो स्वच्छ वाचता येतो.

यानंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबून 6000 पर्यंत जावे. दुसरा गिअर घ्यावा तो वेगमर्यादेच्या आत राहण्यासाठी. मीटर शेजारी बसलेल्याने वाचावा, चालवणाऱ्याने नव्हे. आरपीएम वाढत जाईल तसा व्होल्टेज किंचित घसरेल. चावीच्या वेळचा आकडा आणि 6000 च्या जवळचा आकडा यांतला फरक एक-दोन किलोपास्कलच्या आत असेल तर माझ्या मते नवी बॉडी शोधू नये. तीन-साडेतीनच्या वर, म्हणजे साधारण पाऱ्याच्या एका इंचाच्या पुढे गेला तर कुठेतरी खरोखर अडथळा आहे.

पण तो अडथळा थ्रॉटलचाच आहे, असे लगेच म्हणता येत नाही, कारण मॅनिफोल्डपर्यंत येणाऱ्या वाटेत फिल्टर, त्याचा डबा आणि रबराचा पाइप हे सगळेच येते. थ्रॉटलच्या आधीचा हिस्सा वेगळा काढण्यासाठी गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधावी, तिच्यात रंगीत पाणी भरावे, आणि तिचे एक तोंड फिल्टर व थ्रॉटल यांच्यामधल्या पाइपला जोडून दुसरे मोकळे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्यात दहा सेंटीमीटरचा फरक म्हणजे जवळपास एक किलोपास्कल. ही नळी चुकूनही मॅनिफोल्डला लावू नये. तेथील आयडलिंगचा व्हॅक्यूम क्षणात सगळे पाणी इंजिनात ओढून घेईल. एकूण तोट्यातून हा तोटा वजा केला की थ्रॉटलचा वाटा उरतो. पुष्कळदा असे आढळते की मोठा हिस्सा मळलेल्या फिल्टरचा किंवा चेपलेल्या पाइपचा असतो, आणि तो एका नव्या फिल्टरने मिटतो.

येथे एक आडवळण घेतो. फिल्टरचा डबा काढून त्या जागी उघडा शंकूसारखा फिल्टर लावण्याची जी पद्धत आहे, तिने बॉनेटखालची गरम हवा इंजिनात जाते. हवा दहा अंशांनी गरम झाली की ती तीन टक्क्यांच्या आसपास विरळ होते, आणि वर पाहिलेल्या 0.3 किलोपास्कलच्या फायद्यापेक्षा हा तोटा कितीतरी मोठा आहे.

मोजमापात अडथळा शून्यवत दिसला आणि तरीही गाडी वरच्या आरपीएमला मरगळलेली असेल, तर कॉम्प्रेशन, टॅपेटची फट, टायमिंग बेल्टच्या खुणा, क्लचची घसर आणि तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या क्रमाने तपासावे. सायलेन्सरच्या बाजूला वाट बंद असेल तर इंजिन हवा ओढूच शकत नाही, मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या इतकाच दिसतो आणि माणूस निष्कारण पुढच्या बाजूला खर्च करत बसतो.

मोठ्या बॉडीचा खरा उपयोग इंजिनाची हवेची भूक वाढल्यावर होतो. दाबाचा तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 1.6 लिटरचे इंजिन बसवले, कॅमशाफ्ट बदलला, हेडचे पोर्ट मोठे केले आणि इंजिन 7000 च्या पुढे फिरू लागले की तोच 46 मिमीचा व्यास खरोखर गळा आवळू लागतो. वाचक त्या वाटेवर असेल तर पुढचा भाग त्याच्यासाठी आहे.

बॉडी निवडणे

बाजारात जाताना खिशात व्हर्नियर आणि आपल्या गाडीचे जुने गॅस्केट असावे. कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा कोणत्याही शहरातल्या जुन्या पार्टच्या दुकानात ‘सेम टू सेम लागतं’ हे वाक्य ऐकू येईलच. गॅस्केट टेकवून पाहेपर्यंत त्यावर विश्वास ठेवू नये. बोल्टची भोके, मधल्या भोकाचा व्यास आणि आयडलिंगच्या हवेचा मार्ग हे तिन्ही जुळायला हवे. व्यास चकतीपाशी मोजावा, फिल्टरच्या बाजूच्या तोंडापाशी नव्हे, कारण तोंड बहुधा फनेलसारखे पसरलेले असते आणि तेथे मोजलेला आकडा मालकाला फसवतो.

शाफ्ट बोटांनी वरखाली हलवून पाहावा. खेळ जाणवला तर ती बॉडी परत ठेवावी, कारण झिजलेल्या शाफ्टभोवतीने थ्रॉटलच्या ताब्याबाहेरची हवा शिरते आणि आयडलिंग कधीच बसत नाही. चकती हाताने सोडल्यावर स्प्रिंगच्या जोरावर टक्कन बंद झाली पाहिजे. थ्रॉटल पोझिशन सेन्सर (चकती किती उघडली ते ईसीएमला सांगणारा) आपल्याच गाडीचा त्या शाफ्टवर बसतो का, तो त्याच दिशेने फिरतो का, आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा सांभाळणारा) आपल्याच गाडीचा त्या बॉडीवर बसतो का, हे तीन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत. यांपैकी एकाचेही उत्तर नाही असे आले, तर व्यास कितीही आकर्षक असला तरी तो सौदा सोडावा. अॅडॉप्टर करून, वायरी कापून ते बसवता येते, पण मग त्या गाडीचे आयडलिंग हा आयुष्यभराचा छंद होऊन बसतो.

दुसरा मार्ग लेथवर मूळ बॉडीच मोठी करून घेण्याचा आहे. तो दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच जावा आणि कुठेही तीन मिलिमीटरपेक्षा पातळ भिंत उरू नये. आतून जाणारे हवेचे व कूलंटचे मार्ग उघडे पडणार नाहीत हे आधी पाहावे. या कामात चकती हीच खरी कारागिरी आहे. बंद चकती भोकात अगदी आडवी नसते, काही अंशांनी कललेली असते, त्यामुळे ती वर्तुळाकार नसून किंचित लांबट असते. भोक 50 मिमी आणि कल 7 अंश असेल तर तिचा लांब व्यास 50.4 मिमी लागतो, आणि कल 10 अंश असेल तर 50.8. कारागिराने पितळी पत्रा त्याच कलात बसवून कापला म्हणजे कडेचा उतार आपोआप योग्य येतो. गोल चकती कापून कानशीने घासत बसवणारा भेटला तर नम्रपणे काम परत घ्यावे. चकतीचे दोन स्क्रू कंपनीत मागून ठोकून फुलवलेले असतात. ते काढले की पुन्हा वापरू नयेत, नवे घ्यावेत, लॉकिंगचे द्रावण लावावे आणि पुन्हा मागून फुलवावेत. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्येच जातो. आणि हे सगळे भंगारातल्या दुसऱ्या बॉडीवर करावे. गाडीची मूळ बॉडी जशी आहे तशी राहिली पाहिजे.

काढणे आणि बसवणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करावे. बॅटरीची ऋण केबल काढण्याआधी, चावी फिरवून, जुन्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा चकती बंद असतानाचा आणि पूर्ण उघडी असतानाचा व्होल्टेज वहीत लिहून ठेवावा. पुढे या दोन आकड्यांवरच सगळे अवलंबून आहे. मग बॅटरी सोडून प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून क्रमांक द्यावा आणि चारही बाजूंनी फोटो काढावेत. हवेचा पाइप, दोन कनेक्टर आणि एक्सलेटरची केबल सुटली की कूलंटच्या नळ्या राहतात. आयडलिंगचा भाग गरम ठेवण्यासाठी थ्रॉटल बॉडीतून कूलंट फिरवलेले असेल, तर त्या नळ्या चिमट्याने दाबून मगच काढाव्यात. सांडलेले कूलंट कुत्र्यामांजरांना विषारी असते, ते लगेच धुवावे.

बॉडी निघाल्याबरोबर मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे आणि किती कापडे कोंबली ते लक्षात ठेवावे. जुने गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. पोलादी पात्याने अॅल्युमिनिअमवर ओरखडा पडला की गळती कायमची मागे लागते.

आता नवे गॅस्केट तोंडावर धरून मॅनिफोल्डचा व्यास पाहावा. मॅनिफोल्डचे तोंड 46 मिमीचे आणि बॉडी 50 मिमीची असेल तर मध्ये दोन मिलिमीटरची पायरी राहते आणि मोठ्या बॉडीने जे मिळायचे ते तेथेच जाते. ही पायरी तीस-चाळीस मिलिमीटर आतपर्यंत हळूहळू उतरत नेऊन घासून काढावी लागते. मॅनिफोल्ड इंजिनावर असताना हे घासकाम कधीही करू नये, कापड कितीही घट्ट कोंबले असले तरी. अॅल्युमिनिअमचा चुरा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचायला एक कण पुरतो. मॅनिफोल्ड काढायचा म्हणजे पेट्रोलची रेल सोडावी लागते, आणि तीत दाब असतो. म्हणून मॅनिफोल्ड काढायचा असेल तर बॉडीला हात लावण्यापूर्वीच फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरी सोडावी आणि मगच जोड उघडावा. जवळ ज्योत, ठिणगी किंवा जळती विडी नसावी. घासून झाल्यावर मॅनिफोल्ड गरम पाण्याने व साबणाने धुऊन हवेच्या झोताने कोरडा करावा आणि त्याचेही गॅस्केट नवेच घालावे.

बसवताना गॅस्केटला सिलंट लावू नये. बोल्ट आधी बोटांनी, मग तिरप्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळावेत. मॅन्युअलचा आकडा प्रमाण मानावा. तो हाताशी नसेल तर 6 मिमीच्या बोल्टला सुमारे 10 आणि 8 मिमीच्या बोल्टला सुमारे 20 न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नये, कारण समोरचा आटा अॅल्युमिनिअमचा आहे. नव्या बॉडीवर एखादी जास्तीची नळी निघालेली असेल तर तिला रबरी टोपी घालून क्लॅम्प लावावा. एपॉक्सीची पुट्टी भरू नये. ती सुटली की आतच जाते. हवेचा पाइप नव्या तोंडावर ताणून चढवण्यापेक्षा योग्य मापाचा सिलिकॉनचा जोड घ्यावा.

केबल

एवढी एक गोष्ट मात्र घाईत करू नये. इंजिन बंद असताना एकाने पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने पाहावे की चकती भोकाच्या रेषेत येते का. तीन चतुर्थांशच उघडत असेल तर सगळा खटाटोप फुकट आहे. याउलट चकती आधीच पूर्ण उघडून पेडलला जागा उरत असेल, तर पायाच्या जोराने केबल ताणली जाऊन एक दिवस तुटते. पेडल सोडल्यावर केबलला थोडी ढील राहिलीच पाहिजे, कारण इंजिन आचके देताना घट्ट केबल स्वतःच चकती उघडते.

पेडल वीस-पंचवीस वेळा, कधी हळू कधी झटकन, दाबून सोडावे. प्रत्येक वेळी चकती पूर्ण बंद होऊन स्टॉपवर टेकल्याचा आवाज यायला हवा. मग इंजिन सुरू करून, एका जागी आणि न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून व आरपीएम वाढवून केबल कशाला घासत नाही ना ते पाहावे. बंद चकती भोकाच्या भिंतीत रुतत असेल तर स्टॉप स्क्रू केवळ ती मोकळी होईपर्यंतच फिरवावा, त्या स्क्रूने आयडलिंग वाढवू नये. आणि पहिल्या फेरीला निघण्यापूर्वी मनाशी पक्के करावे: थ्रॉटल अडकला तर क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, ब्रेक लावून गाडी कडेला घ्यायची आणि गाडी थांबल्यावरच चावी बंद करायची. चालत्या गाडीत चावी पूर्ण फिरवली तर स्टिअरिंगला कुलूप लागू शकते.

आयडलिंग आणि तपासणी

बॅटरी जोडून चावी फिरवल्यावर थ्रॉटल पोझिशन सेन्सर सैल करून असा फिरवावा की चकती बंद असताना वहीतला जुना व्होल्टेजच मिळेल, आणि मग तो आवळावा. सेन्सरची भोके लांबट नसतील तर जो आकडा येतो तो जुन्या आकड्याच्या किती जवळ आहे ते पाहावे. फार फरक असेल तर ईसीएमला पेडल सुटल्याचे कळत नाही आणि गाडी सिग्नलला हजार-बाराशेवर घोंघावत राहते. पूर्ण उघड्या स्थितीचा आकडाही जुळतो का, ते पाहावे.

मॅप सेन्सरवर चालणाऱ्या इंजिनात मुख्य इंधन दाबावरूनच ठरत असल्याने त्यासाठी रीमॅपची, म्हणजे ईसीएममधले आकडे बदलण्याची, गरज पडत नाही. पेडल झटकन दाबताना जे जादा इंधन सोडले जाते, त्याचा हिशेब मात्र जुन्या बॉडीला धरून असतो. म्हणून नव्या बॉडीत पहिल्या झटक्याला गाडी क्षणभर अडखळणे शक्य आहे. ते सौम्य असेल तर पाय सावकाश टाकण्याची सवय हाच उपाय; तीव्र असेल तर केबलचे चाक बदलून चकतीची सुरुवातीची उघड मंद करावी.

इंजिन गरम करून, एसी व दिवे बंद ठेवून काही मिनिटे आयडलिंगवर चालू द्यावे. आरपीएम वरखाली होत असेल तर गळती शोधावी. त्यासाठी गॅस्केटच्या व नळ्यांच्या जोडांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. ज्या जागी आरपीएम बदलेल तेथे गळती आहे. कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची सवय गरम सायलेन्सरपाशी धोक्याची आहे. मग एसी लावून आरपीएम सावरला जातो का, तेही पाहावे.

नंतर सुरुवातीचीच चाचणी पुन्हा करावी: तोच रस्ता, तोच गिअर, साधारण तीच वेळ आणि तोच मल्टिमीटर. सोबत मोबाइलवर आरपीएमच्या काट्याचे चित्रण करून 2000 ते 6000 पर्यंत लागलेला वेळ मोजावा, दोन्ही दिशांना किमान तीन-तीन वेळा, कारण रस्त्याचा न दिसणारा चढही एका बीएचपीचा फायदा सहज गिळतो. दाबाचा तोटा घटला पण वेळ तोच राहिला, असा निकाल आला तर तो मान्य करण्याची तयारी हवी. वरच्या आरपीएमला नॉकिंगचा खडखडाट ऐकू आला तर चाचणी तेथेच थांबवावी.

पीयूसी केंद्रावर जाऊन नव्या बॉडीसह गाडी तपासून घ्यावी. भारत स्टेज 2 आणि 3 च्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएम ही मर्यादा आहे, आणि लहानशी गळतीही आयडलिंग बिघडवून हे आकडे हलवू शकते. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या फेरफाराला मनाई करते. थ्रॉटलचा व्यास प्रमाणपत्रावर छापलेला नसला, तरी विमा कंपनीला लेखी कळवणे आणि आरटीओत आधी विचारून घेणे शहाणपणाचे आहे. आजमितीस कोणतीही एस्टीम पंधरा वर्षे ओलांडलेली आहे, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती दर पाच वर्षांनी तपासणीला उभी राहणारच.

पाचशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना बॉडीचे बोल्ट पुन्हा तपासावेत, चकतीचे स्क्रू टॉर्च मारून पाहावेत आणि कूलंटची पातळी भरून घ्यावी. मूळ बॉडी साफ करून, तिची दोन्ही तोंडे टेपने बंद करून, जुन्या सेन्सरचे व्होल्टेज लिहिलेल्या चिठ्ठीसह आणि एका नव्या गॅस्केटसह डब्यात घालून ठेवावी.